मास्तरांची वळणाची चाल

आमच्या बँडमास्तरांचा सुरेल माणसांवर काडीचाही विश्वास नव्हता. एखादं नवीन गाणं आलं, चार-सहा महिने रिक्षांतून, पानटपऱ्यांवरून आणि लग्नाच्या मांडवांतून धो धो वाजलं, की ते पुढे टिकणार की जाणार हे ठरवायला मास्तर मुद्दाम बेसूर माणूस गाठत. "सुरेल गळ्याचं काय कौतुक सांगता," ते म्हणायचे, "त्या गळ्यात तुमी एस्टीचं टाइमटेबल घाला, त्ये बी गोडच लागंल. बेसूर गळ्यात गाणं तगलं तर खरं." गुलमंडीमागच्या गल्लीत त्यांच्या बँडच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली आणि त्यांची ही शोधाशोध एकदाची थांबली. इतका खात्रीचा बेसूर गळा त्यांना अख्ख्या संभाजीनगरात दुसरा मिळाला नव्हता.

मी मूळची अजिंठ्याकडची. शहरातल्या एका शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. खाली सकाळी आठ ते दहा बँडचा सराव आणि वर माझी पोळ्यांची घाई, असा आमचा शेजार सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी भांडी घासता घासता मी एक गाणं म्हणत होते, तर जिन्याखालून हाक आली. पाहते तर पन्नाशीचा, काटकुळा, गालांत दोन खड्डे पडलेला माणूस उभा. हातात क्लॅरनेट. मला वाटलं, आली तक्रार. घरी आरतीच्या वेळी आई मला "तू नुसतं ताट धर" म्हणायची, त्यामुळे तक्रारींची मला सवय होती.

"बाई, आत्ता तुमी म्हणत व्हत्या त्ये कंचं गाणं?"

मी गाण्याचं नाव सांगितलं.

"त्येच गाणं मी दोन म्हैने झाले रोज वाजवतोय," मास्तर म्हणाले, "आन् मला वळखू आलं नाय!" मी ओशाळून आत जाणार तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. "लई झकास! रोज म्हणत जा. बिलकुल लाजू नका."

माझ्या गाण्याला आयुष्यात मिळालेली ही पहिली दाद. त्या दिवसापासून मी बँडची कोट नसलेली कलाकार झाले.

परीक्षेची रीत ठरलेली होती. मास्तर सकाळी एखादं गाणं शब्दांवाचून, नुसतं क्लॅरनेटवर तीनदा वाजवत. मी ते लक्ष देऊन ऐकायचं नाही, अशी सक्त ताकीद. "कान देऊन ऐकू नका बाई. लोकं काय कान देऊन ऐकत्यात व्हय? लोकं भाजी घेत्यात, पोरगं सांभाळत्यात. तुमी आपल्या पोळ्या करा." दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले की शेवटच्या पायरीशी ते उभे असत. "बाई, कालचं!" मग मी पर्स सावरत, रिक्षाची वाट बघत जे काय आठवेल ते म्हणायचे. काहीच आठवलं नाही तर ते मान हलवून "गेलं" म्हणत, एखाद्या दूरच्या नातेवाइकाची बातमी सांगावी तसं. मी चुकून बरोबर म्हटलं तर ते काळजीत पडत. पण मी सूर, ठेका, सगळं आपल्या मनाने फिरवून, तरीही जोरात आणि आनंदात म्हटलं, की मास्तर रस्त्यातच दोन्ही हात वर करत.

मला हे अजिबात पटत नसे. गणितात चूक ती चूक. लाल पेन कशासाठी असतं मग? एकदा मी त्यांना तसं सुनावलंही. मास्तर म्हणाले, "बाई, जे गाणं बरोबरच म्हणावं लागतं त्ये गाणं नाय, ती परीक्षा झाली. परीक्षा संपल्यावर तुमची पोरं पुस्तक उघडत्यात का?"

उघडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

दुकानात दोन भिंती होत्या. डावीकडच्या भिंतीवर मोठा काळा फळा, त्यावर चालू हंगामातली गाणी खडूने लिहिलेली. उजवीकडची भिंत निळी, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली टिकलेली गाणी. सिनेमाचं नाव नाही, गायकाचं नाही. मास्तर गाण्यांना आपली नावं देत: 'बांगडीवालं', 'रुसलेलं', 'मामाचं', 'धावतं'. खडूतून रंगात जायला सात लग्नसराया काढाव्या लागत आणि फळ्यावरचं गाणं मुद्दाम पुसायची दुकानात बंदी होती. फळ्याखालीच वाजवणाऱ्यांचं बाकडं होतं. बसणारे टेकून बसायचे आणि गेल्या साली गाजलेली गाणी लाल कोटांच्या पाठीला लागून हळूहळू नाहीशी व्हायची. आमचे ढोलवाले रफीकभाई आकाराने मोठे. एकटे टेकले तरी चार गाणी जायची. "मास्टर," ते उठून पाठ झटकत म्हणायचे, "आज मेरे पीठपे कौन मर गया?"

त्या वर्षी एक 'गॉगलवालं' गाणं आलं होतं. काय त्याचा धुमाकूळ! नवरदेव घोड्यावर बसायच्या आधीच पोरं ओरडायची, "गॉगल लावा, गॉगल!" आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर पाच वर्गांनी नाच बसवला आणि पाचही वर्ग एकमेकांवर चोरीचा आळ घेऊन भांडले. मी मास्तरांना म्हटलं, हे मात्र तुम्हाला भिंतीवर घ्यावं लागेल. ते हसले. "सहा म्हैने," म्हणाले. "लई दाटीचं गाणं हाय बाई. एस्टी गच्च भरून यावी तसं. माणसाला चढायला जागाच ठेवली नाय. दोन-तीनदा माणूस पळतो मागं, मग दुसरी गाडी बघतो." पुढच्या दिवाळीनंतर मी वर्गात मुलांना गॉगलवालं म्हणा म्हटलं, तर पहिल्या ओळीपुढे एकाचंही गाडं सरकेना. आणि ज्या 'बांगडीवाल्या'चा सिनेमा कुणी पाहिल्याचंही मला ठाऊक नाही, ते मात्र हळदीला हमखास निघायचं, कारण त्यात नवरीचं, नवरीच्या मावशीचं, झालंच तर शेजारणीचं, कुणाचंही नाव बसायचं. बायका नावं घालत राहायच्या आणि गाणं अर्धा तास संपायचं नाही.

वर्षातून एक दिवस मास्तर लाल कोट घालत नसत. चौदा एप्रिलला पांढरा शर्ट आणि निळा फेटा बांधून ते जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असत. त्या दिवशी त्यांनी मला एकदा सोबत नेलं. गल्लीगल्लीतून माणसं येत होती, आणि तेच गाणं प्रत्येक गल्ली आपापलं कडवं घालून म्हणत होती. कुणाच्या कडव्यात आई होती, कुणाच्या कडव्यात शाळेची पाटी. मास्तर थांबून मला कानात म्हणाले, "बगा. इथं कुणी ऐकायला येत नाय, म्हणायला येत्यात. म्हून ही गाणी मरत नायत." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येते.

मास्तरांची स्वतःची एक चाल होती. एकच. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या या माणसाने ती गरजेपोटी बांधली होती. आमच्या गल्लीला पुढे एक काटकोनातलं अरुंद वळण आहे. वरात तिथे आली की क्लॅरनेट-ट्रंपेटवाले वळून पलीकडे जात आणि रफीकभाईंचा ढोल, मागचा घोडा, करवल्या, सगळे अलीकडेच अडकत. भिंतीआड एकमेकांचं ऐकू येत नसे. पुढचे पळत, मागचे रेंगाळत, आणि वळणाबाहेर पडेपर्यंत एका बँडचे दोन बँड झालेले असत. त्यावर मास्तरांनी ही चाल काढली: दोन चपळ ओळी, आणि मग एक लांबलचक सूर. रफीकभाई वळणावरून दिसेपर्यंत तो सूर धरून ठेवायचा. ढोल दिसला, 'धुम्म' झालं, की तिसरी ओळ. कधी सूर छोटा पडे, कधी घोडा अडून बसला की मास्तरांचे गाल फाटायची वेळ येई. तिला ते 'वळणाची' म्हणत.

ही चाल निळ्या भिंतीवर जावी एवढीच त्यांची इच्छा होती. सात लग्नसराया केव्हाच निघाल्या होत्या, पण दुसरा नियमही त्यांचाच: ज्याच्याशी आपली ओळख नाही अशा माणसाने, कुणी न सांगता, आपल्या नादात म्हटलं तरच ते गाणं टिकलं. अठरा वर्षं ते वाट पाहत होते. वरातीत नवे पाहुणे दिसले की दुसऱ्या दिवशी ते काही ना काही निमित्त काढून लग्नघरी जात. विसरलेली काठी, राहिलेला खुळखुळा, काहीही. अंगणात बसून चहा पीत आणि कुणी गुणगुणतंय का ते ऐकत. कुणी गुणगुणत नसे. ते तसेच परत येत आणि क्लॅरनेट पुसत बसत. मला फार वाईट वाटायचं.

म्हणून एकदा मीच ती जिन्यावरून म्हटली. तर काय! जगातल्या सगळ्या गाण्यांची वाट लावायला मला मुक्तहस्त देणारा हा माणूस ताडकन उठला.

"बाई! तो सूर लांब हाय! धरा! सोडू नका!"

"पण मास्तर, चुकीचं म्हटलं तरच टिकतं ना?"

"त्ये बाकीच्यांचं. हे असंच हाय."

रफीकभाई बाकड्यावर हसून हसून आडवे झाले. "दुसरे का गाना बिगडा तो शाबास, अपना बिगडा तो जान निकली!" त्या दिवशी फळ्यावरची सहा गाणी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेले. लग्न नवरदेवाच्या गावी होतं, तेही अजिंठ्याजवळचंच. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला वाजत-गाजत निघतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. सकाळी अकराला परण्या निघाला आणि तिथल्या गावच्या बँडने पहिल्या गाण्यानंतर सुरू केली ती वळणाची चाल! माझ्या हातातला अक्षतांचा वाडगा निसटला. मी लग्न लागल्या लागल्या एस्टी धरली, बहिणीचा नीट निरोपही घेतला नाही, आणि संध्याकाळी दुकानात येऊन धापा टाकत बातमी दिली.

मास्तर उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. क्लॅरनेट त्यांनी रफीकभाईंच्या हातात दिलं आणि तोंडावर हात फिरवला. "व्हय?" एवढंच म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "कसं वाजवलं त्यांनी? म्हणा."

मी म्हटलं. मास्तरांचा चेहरा उतरला. "हे त्यांनी बिघडवलं का तुमी?"

मला कसं कळणार? खरोखर सांगते, मला त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या गळ्याची लाज वाटली. रफीकभाईंनी मला चार वेळा म्हणायला लावलं. चारही वेळा वेगळंच निघालं. शेवटी मास्तरांनी हात जोडले. "थांबा. मीच जातो."

त्याच गावात पुढच्या आठवड्यात आणखी एक लग्न होतं, बँड तोच. रविवार होता, मीही निघाले. मास्तर पूर्ण पोशाखात आले होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आणि मांडीवर क्लॅरनेटची पेटी. भर उन्हाळ्यात. कंडक्टरने विचारलं, "वाजवाय निघाले का मास्तर?" मास्तर म्हणाले, "नाय. दुरुस्तीला."

गावात पोहोचलो तेव्हा परण्या निघतच होता. बँडचे पुढारी तात्या नावाचे गृहस्थ. ट्रंपेट त्यांच्या पोटावर टेकवलेलं, गाल पुरीसारखे फुगलेले. पहिलं गाणं झालं, आणि मग ती आली. पहिली ओळ तंतोतंत. दुसरीही. मास्तरांनी माझा दंड गच्च धरला. आता लांब सूर येणार. आणि त्या जागी सूर आलाच नाही. बँड थांबला आणि नाचणाऱ्या सगळ्या बायकांनी एकदम टाळ्या वाजवल्या, तीन. लगेच तिसरी ओळ सुरू.

"माझा सूर खाल्ला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मारुतीपाशी बँड थांबला तसे ते सरळ तात्यांपुढे जाऊन उभे राहिले. तात्यांनी झालर बघितली, तुरा बघितला आणि अदबीने रामराम घातला.

"ही चाल कुणाची वो?"

"कंची? टाळ्याची? आमचीच की."

"आमची म्हंजी?"

"म्हंजी आमच्या गावची. माझ्या आज्यानं बसवली हाय. लई सनई वाजवायचा म्हातारा."

मास्तरांनी टोपी सरळ केली. "आजा कवा गेला तुमचा?"

"मला दात यायच्या आधी," तात्या म्हणाले. तात्यांचं वय पन्नासला टेकलेलं. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. चाल जन्मायच्या तीस वर्षं आधी तात्यांचा आजा ती बसवून निघून गेला होता! आणि पंचाईत अशी की तात्या खोटं बोलत नव्हते. बोलताना त्यांचा हात मारुतीच्या चौथऱ्यावर होता.

मास्तरांनी पेटी उघडली, क्लॅरनेट जोडलं. "पाव्हण्यांला बी वाजवायचं व्हय? वाजवा की," म्हणत तात्या खुशीने बाजूला सरकले. परण्या परत फिरला, आणि मास्तरांनी वळणाची चाल सुरू केली, खरीखुरी. दोन ओळी झाल्या. नाचणाऱ्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले, आणि मास्तरांनी तो सूर धरला.

धरला तो धरलाच. तीस-चाळीस बाया हात वर करून उभ्या. नवरदेव घोड्यावर हात वर करून बसलेला. टाळी द्यावी की देऊ नये हे कुणाला कळेना. एकीने चुकून दिली, तिला दुसरीने दटावलं. घोड्याने मान वळवून पाहिलं. आणि सगळ्यात पुढे नाचणारी एक हिरव्या लुगड्यातली म्हातारी, हात तसेच वर ठेवून, मास्तरांच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

"ओ पाव्हणं! चांगलं चाललेलं गाणं कशाला बिघडवायलेत? येत नसंल तर गप बघा की!"

क्लॅरनेटमधून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि सूर तुटला. मला वाटलं, आता हा माणूस कोलमडणार. अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं आणि त्यालाच बाजूला हो म्हणत होतं. म्हातारीला सांगावं, बाई गं, हे ह्यांचंच आहे, म्हणून मी पुढे झाले. मास्तरांनी हाताने मला अडवलं. ते रस्त्याकडे पाहत होते. मारुतीपासून मांडवापर्यंत रुंद, सरळ, खळ्यासारखा मोकळा रस्ता. या टोकापासून त्या टोकापर्यंत ढोल दिसत होता, घोडा दिसत होता, शेवटची करवलीसुद्धा दिसत होती.

"इथं वळणच नाय, बाई," ते सावकाश म्हणाले. "थांबायचं कुणासाठी?"

मग त्यांनी म्हातारीकडे वळून डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं माय. पुन्हा एकदा म्हणा, मी धरतो." म्हातारीने त्यांना शिकवलं! पहिली ओळ, दुसरी ओळ, टाळ्या तीन. "ध्यानात आलं का?" तिने विचारलं. आलं, म्हणाले. आणि मांडव येईपर्यंत मास्तर स्वतःची चाल दुसऱ्यांच्या पद्धतीने वाजवत चालले. टाळ्यांच्या जागी क्लॅरनेट काखेत मारून तेही टाळ्या देत. दुसऱ्या फेरीला ते नाचत होते. मीही नाचले. कुणालाच येत नव्हतं तितकं वाईट नाचले आणि कुणी काही म्हणालं नाही.

परतीची एस्टी धरली. सिल्लोड गेलं, फुलंब्री आली. मी खिडकीतून बाहेर पाहत होते, तर शेजारी झालर हलायला लागली. मास्तर हसत होते. आधी आतल्या आत, मग मोठमोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "येत नसंल तर गप बघा! मला! बाई, मला!" अख्खी गाडी वळून बघायला लागली आणि ते कंडक्टरला, ड्रायव्हरला, मागच्या सीटवरच्या बाईंना, सगळ्यांना आपली फजिती सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइलपेंटचा डबा उघडला. रफीकभाईंनी स्टूल धरलं. मास्तरांनी निळ्या भिंतीवर लिहिलं, 'टाळ्यांचं'. रफीकभाई म्हणाले, "मास्टर, नाम तो वळण था ना?" मास्तर ब्रश धूत होते. "वळण आपल्या गल्लीत हाय," म्हणाले. "त्ये गावोगावी कसं न्यायाचं?"

ती चाल तिकडे पोहोचली कशी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कुणीतरी वरातीला आलेला पाहुणा घेऊन गेला असणार, अर्धवट लक्षात ठेवून. मला मात्र त्या दिवसापासून वर्गात एक खोड लागली. मुलाचं गणित चुकलं की लाल रेघ मारायच्या आधी मी विचारते, "अरे, पण तू गेलास कुठून?" कधी कधी पोरगं फार मजेशीर वाटेने गेलेलं असतं.

पुढे लग्नं शहराबाहेरच्या लॉन्सवर गेली. तिथे रस्ते रुंद, वळणं नाहीत, आणि डीजेची गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही. काही वर्षं मास्तरांचा बँड लॉनवरही जायचा, पण तिथल्या पाहुण्यांना टाळ्याच ठाऊक असत. लांब सूर धरायचं कारण उरलं नाही. रफीकभाई गेले. मास्तरांचे पुढचे दात पडले, आणि दातांशिवाय क्लॅरनेट धरता येत नाही. दुकान बंद करून ते गंगापूरला मुलीकडे राहायला गेले. ते जीपमध्ये बसले त्या दिवशी मी शाळेतून रजा काढली होती, आणि निरोप देताना मला रडू आवरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी गंगापूरला गेले. मनात एक काम पक्कं करून गेले होते. टाळ्यांचं गाणं आता सगळीकडे होतं. आमच्या शाळेच्या सहलीत मुलं म्हणतात, बचत गटाच्या बायका म्हणतात. पण मूळची चाल, त्या लांब सुरासकट, मास्तरांशिवाय कुणाकडे नव्हती. ती मोबाइलमध्ये भरून घ्यायची होती. मास्तर ओसरीवर उन्हात बसले होते, तोंडात नवी कवळी. चहा झाल्यावर मी मोबाइल पुढे धरला. "मास्तर, वळणाची म्हणा. अगदी पहिली होती तशी."

त्यांनी डोळे मिटले. पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. आणि त्यांचे हात आपोआप उठून तीनदा वाजले.

"थांबा थांबा," ते म्हणाले. पुन्हा सुरुवात. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. ओळ संपली, तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. सूर कुठला होता, वरचा की खालचा, कुठे सुरू व्हायचा, काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हणा बरं, बाई."

मी प्रयत्न केला. माझे हातच आधी वाजले.

मी मोबाइल खाली ठेवला. "गेली की हो मास्तर, तुमची चाल."

"गेली," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "चांगली व्हती का वो?"

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "लई चांगली होती, मास्तर," मी म्हटलं. "फार चांगली होती."

त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात आत त्यांची लेक भाजीला फोडणी देत टाळ्यांचं गाणं म्हणायला लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि टाळ्यांच्या जागी तिने पळी कढईवर आपटली. एकदा. दोनदा. आणि तिसऱ्यांदा न आपटता सरळ पुढच्या ओळीला लागली.

मास्तरांनी झटकन बोट वर केलं.

"ऐका! ऐका बाई! हिनं एक टाळी खाल्ली!" आणि कवळी काढून हातात घेऊन ते असे काही हसायला लागले, की आतून लेक धावत बाहेर आली.